आमच्या पिंपळनेरला

बाई आमच्या घरी आल्या तेव्हा मी तिसरीत होते. बोदवडच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायला त्यांची नेमणूक झाली होती, आणि एकट्या बाईमाणसाला गावात कुणी खोली देत नव्हतं. हेडमास्तर आमच्या नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ओळखीचे. एका संध्याकाळी ते बाईंना सोबत घेऊनच दारात आले आणि म्हणाले, आठ-पंधरा दिवस ठेवून घ्या, तोवर मी कुठेतरी खोली बघतो. नाना राहू द्या म्हणाले. मायने तव्यावर आणखी एक भाकर टाकली. ते आठ-पंधरा दिवस पुढे चार वर्षं चालले.

पाहुणा म्हटला की तो जाणार हे गृहीत असतं. माझी खाट बाईंना दिली तेव्हा मीही तसंच धरून चालले होते. पण महिना झाला, दोन महिने झाले, खाट काही परत मिळेना. त्यात घरात शिक्षक राहायला आल्यामुळे आमच्या ओट्यावर खेळणारी पोरं हळूहळू कमी झाली. माझ्यापेक्षा वाईट अवस्था माझ्या भावाची होती. तो आठवीत होता आणि बाईंच्याच वर्गात होता. इतर मुलांची शाळा पाच वाजता सुटायची, याची सुटायचीच नाही.

बाई स्वभावाने गोड होत्या. मायच्या हाताखाली भाजी निवडायच्या, सणाला पुरण वाटायला बसायच्या. एकच खोड होती. कशाचंही बोलणं निघालं की त्या म्हणायच्या, "आमच्या पिंपळनेरला..." आणि पुढे जे यायचं ते आमच्यापेक्षा सरस असायचं. ऊन तापलं की पिंपळनेरची हवा, पंखा नसला तरी चालतो. भात शिजला की पिंपळनेरचा तांदूळ, एका घरी शिजवला की चार घरी वास जातो. सगळ्यांत झोंबायचं ते पाण्याचं. बोदवडला उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा. हंडे लावून ओळीत उभं राहावं लागायचं. बाईही उभ्या राहायच्या, तक्रार न करता, आणि घरी येऊन कळशी खाली ठेवता ठेवता म्हणायच्या, "आमच्या पिंपळनेरला घराच्या मागेच नदी आहे. दार उघडलं की पाणी."

भाऊ माझ्या कानात म्हणायचा, मग तिथंच का नाही राहत?

शाळेत बाई पुस्तकासारखं शुद्ध बोलायच्या. पण एकदा रांजणात हात घालून त्या मायला पटकन म्हणाल्या, "माय, पानी सरी गयं." पाणी संपलं, असं म्हणायचं होतं. आम्ही दोघं बहीणभाऊ हसून लोळलो. धुळ्याकडची ती अहिराणी खानदेशाच्या पूर्व टोकाच्या आमच्या कानांना फार गमतीची वाटायची. बाई रागावल्या नाहीत. आमचं 'काय करून राह्यली व' त्यांनाही तितकंच गमतीचं वाटत होतं, आणि थोड्याच दिवसांत त्या ते आमच्यापेक्षा झोकात म्हणू लागल्या.

माय त्यांची बाजू घ्यायची. पोरीले घराची याद येते, बोलू द्या, एवढंच तिचं म्हणणं. नाना जेवताना बोलायचे नाहीत, त्यामुळे त्यांना काय वाटतं हे कळत नव्हतं. एकदा बाई पिंपळनेरच्या डोंगरांचं सांगत होत्या. पावसाळ्यात ते कसे हिरवे होतात, ढग कसे अंगणात उतरतात, आणि इथं मेलं कुठंही बघा, सपाटच. नानांनी ताटात हात धुतला आणि म्हणाले, "बाई, डोंगर आमच्या गावात पण हाये. उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या कापसाची गाडी जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जायची होती. नानांनी आम्हा सगळ्यांना त्याच बैलगाडीत, कापसावर बसवलं. जिनिंगच्या फाटकातून आत गेलो आणि समोर कापसाचा ढीग होता. ढीग म्हणजे काय, पत्र्याच्या छपराएवढा उंच, सकाळच्या उन्हात डोळे दिपवणारा. नानांनी तिथल्या माणसाला काहीतरी सांगितलं आणि बाईंना म्हणाले, चढा. बाईंनी पदर खोचला. गुडघ्यापर्यंत रुतत, धरायला काही नाही म्हणून हसत, त्या वरपर्यंत गेल्या. मी त्यांच्या मागे. वर बसल्यावर त्यांच्या केसांत, भुवयांवर कापूस होता. खालून नाना बघत होते. बाई भुवयांवरचा कापूस पुसत म्हणाल्या, "आमच्या पिंपळनेरला असा डोंगर नाही."

पुढे त्यांचं लग्न ठरलं. नवरा पिंपळनेरकडचाच शिक्षक होता. मायने खणानारळाने ओटी भरली, बाई रडल्या, मायही रडली. मला खाट परत मिळाली, पण आता खोलीत कुणी नसल्यामुळे झोप येईना. काही वर्षं दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं. मग तेही थांबलं. नाना गेले, माय गेली, मी लग्न होऊन जळगावला आले. भाऊ बोदवडलाच राहिला आणि शेती बघू लागला.

मुलं मोठी झाल्यावर मी लहानांसाठी गोष्टी लिहू लागले. चित्रांच्या पुस्तकासाठी गोष्ट हवी होती तेव्हा मला बाईच सुचल्या. एक मुलगी, तिच्या घरी राहायला आलेल्या शिक्षिका, त्यांचं सारखं आपल्या गावाचं कौतुक, मुलीचा राग आणि शेवटी कापसाचा डोंगर. नाव ठेवलं 'बाईंचं गाव'. छापण्याआधी मी बाईंचा शोध घेतला. पिंपळनेरला ओळखीचं कुणी नव्हतं, आणि सासरचं आडनाव मला माहीत नव्हतं. सापडल्या नाहीत.

चित्रं काढणारी मुलगी पुण्याची. तिला खानदेश माहीत नव्हता. मी तिला भर मे महिन्यात बोदवडला घेऊन गेले. तिने डोक्याला ओढणी गुंडाळून घरं, ओटे, हंड्यांची ओळ, सगळं कागदावर उतरवलं. पिंपळनेरला जायला मात्र वेळ नव्हता, म्हणून ते तिने माझ्या सांगण्यावरून काढलं. त्यामुळे झालं असं की बोदवड जसं आहे तसं आलं, मातकट, धुळीचं, उन्हाचं. पिंपळनेरच्या पानांवर निळी नदी, हिरवे डोंगर, ढग. प्रकाशकांकडच्या संपादिकेने विचारलं होतं, गावांची खरी नावं ठेवायलाच हवीत का? साताऱ्याच्या मुलाला बोदवड काय आणि पिंपळनेर काय. मी म्हटलं, नावं राहू द्या. आमच्या गावांची नावं पुस्तकात येतच नाहीत, आली की तिथल्या पोरांना बरं वाटतं.

पुस्तक आलं आणि कुणीतरी त्याच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकले. दिवसभर अंगठे आणि हात जोडलेली चित्रं येत होती. आपल्या गावाचं नाव छापून आलं याचा लोकांना खरोखर आनंद झाला होता. माझ्या जुन्या शाळेने सत्काराचं विचारलं. फक्त भावाचा फोन आला नाही. दोन दिवसांनी मीच केला.

त्याने पुस्तक वाचलं होतं. चांगलं लिहिलं म्हणाला. मग थोडा वेळ शेतातल्या पाण्याचं, मजुरांचं बोलला. मी पुन्हा विचारल्यावर म्हणाला, "चार वर्षं आपल्या घरी भाकर खाल्ली अन् गुण पिंपळनेरचे गायले. ते आपण ऐकून घेतलं. आता तू ते छापून आणलं. गाव आपलं, घर आपलं, अन् पुस्तकाचं नाव बाईंचं गाव."

मी त्याला कापसाच्या डोंगराची आठवण करून दिली. शेवटच्या पानावर बाई हार मानतात, असं म्हटलं. तो म्हणाला, "एक पान. बाकीच्या पानांवर आपण हंडे घेऊन उभे."

त्याचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येईना. मी गाव सोडून तीस-पस्तीस वर्षं झाली होती. हंड्यांची ती ओळ माझ्यासाठी आठवण होती. त्याच्यासाठी ती मागच्याच उन्हाळ्यातली गोष्ट होती.

आणि मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज बारीक झाला होता, पण ओळखू आला. "मी बाई बोलतेय," त्या म्हणाल्या. कुणाकडून तरी फिरत फिरत ती पानं त्यांच्या मोबाईलवर पोचली होती. त्या हसत होत्या. नदीला एवढं पाणी कुणी सोडलं गं, असं विचारलं. यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा नाशिकला, त्या पिंपळनेरलाच होत्या. पुस्तक घेऊन ये आणि भावालाही आण, असं त्यांनी बजावलं.

भाऊ येणार नाही असं मला वाटलं होतं. पण मला गाडी चालवता येत नाही आणि एवढ्या लांब मी एसटीने जाणार हे त्याला पटेना. तुला सोडतो, मी गाडीतच बसेन, या बोलीवर तो आला. जळगाव, धुळे, साक्री करत आम्ही निघालो. धुळं सोडेपर्यंत तो कपाशीच्या भावाखेरीज कशावर बोलला नाही. साक्रीच्या पुढे दोन्ही बाजूंना डोंगर दिसू लागले तेव्हा त्याने एकदा काचेतून वर पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

बाई फाटकात उभ्या होत्या. माझ्या आठवणीपेक्षा खूपच लहान चणीच्या. गाडी थांबली तशा त्या माझ्याकडे न येता सरळ भावाच्या खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "तापी अजून उलटीच वाहते का रे?"

आठवीच्या परीक्षेत त्याने जिल्ह्याच्या नकाशात तापी धुळ्याकडून भुसावळकडे वाहताना दाखवली होती. मला हे माहीतही नव्हतं. साठीला आलेल्या माझ्या भावाचे कान लाल झाले. त्याने खाली उतरून वाकून नमस्कार केला, आणि गाडीत बसण्याचा विषय तिथेच संपला.

चहा झाल्यावर मी पुस्तक बाईंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला. एकेक पान सावकाश बघत होत्या. मायचं चित्र होतं तिथे थांबल्या, बोटाने तिच्या नाकातल्या चमकीला हात लावला. मी एवढी उंच कधी होते, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी तिसरीत होते बाई, तुम्ही तेवढ्याच उंच होतात.

मग निळ्या नदीचं पान आलं. त्यावर त्यांनी तळहात ठेवला.

"ही नदी माझ्या घरामागची नाही," त्या म्हणाल्या. "अक्कांच्या घरामागची आहे."

अक्का कोण, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बाईंनी मग सगळं सांगितलं, अगदी साधेपणाने, जणू आम्हाला ते कधीतरी आधी सांगायचं राहून गेलं होतं. त्यांचं स्वतःचं गाव पिंपळनेर नव्हतंच. ते इथून पुढे, डोंगरात, थोड्या घरांचा एक पाडा. तिथे शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं म्हणून वडिलांनी त्यांना पिंपळनेरला आणलं आणि एका ओळखीच्या किराणा दुकानदाराच्या घरी ठेवलं. दुकानदाराच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. बाईंना तेव्हा मराठी धड येत नव्हतं. पाड्यावरची बोली वेगळी, अक्कांच्या घरची अहिराणी वेगळी, शाळेतलं मराठी आणखी वेगळं. अक्कांनी त्यांना आपल्या मुलींत धरलं, मॅट्रिक होईपर्यंत. मागच्या दारी नदी होती ती त्या घराची. घमघमणारा तांदूळ त्या घरात शिजायचा. अंगणात उतरणारे ढग तेवढे त्यांच्या पाड्यावरचे होते. आता अक्काही नाहीत आणि ते घरही नाही, तिथे औषधांचं दुकान झालं आहे.

मी विचारलं, मग आम्हाला कधी का सांगितलं नाही?

"हेडमास्तरांनी विचारलं, गाव कोणतं? एसटीच्या पाटीवर जे होतं ते मी सांगितलं. पाडा कुणाला माहीत असणार?" मग म्हणाल्या, "आणि त्यात खोटं काय होतं? अक्कांनी मला इतकी वर्षं जेवू घातलं. त्यांच्या गावाला माझं म्हणू नको, तर काय म्हणू?"

भाऊ खाली बघत कपाच्या कानाशी खेळत होता. 

मी लेखिका असल्यामुळे माझ्या मनात आधी पुस्तकच आलं. म्हटलं, दुसरी आवृत्ती निघाली तर नाव बदलू का? बाईंना त्याचं आश्चर्य वाटलं. नाव बरोबर आहे की, त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, आणखी पुस्तकं आणली आहेस का? गाडीत एक गठ्ठा होता. पाड्यावरच्या शाळेत देऊ, जेवण झालं की निघू, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. जेवायला वरणभात होता, आणि भावासाठी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर. ती थापायला मी बोदवडला शिकले, असं त्या त्याला वाढताना म्हणाल्या.

वाटेत मी मागच्या सीटवर बसले होते. बाई पुढे, भावाला वळणं सांगत. मी त्या पुस्तकाचा विचार करत होते. पाहुणी आपल्या घराच्या आठवणीने झुरते आणि यजमानांना ते लागतं, अशी गोष्ट मी लिहिली होती. पण बाई चार वर्षं ज्या घराचं कौतुक करत होत्या, तिथेही त्या पाहुण्याच होत्या. मला वाटत आलं आहे की आपलं गाव म्हणजे जिथे आपण जन्मलो ते, त्यात आपलं काही कर्तृत्व नसतं आणि म्हणूनच त्याचा अभिमान थोडा पोकळ असतो. बाईंचा तसा नव्हता. घरातल्या माणसाला ताट आपोआप मिळतं, त्याला ते दिसत नाही. बाहेरून आलेल्याला प्रत्येक घास दिसतो. माझ्या खाटेचंही तेच. ती त्यांना दिली हे मी वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं. त्यांनीही ठेवलं असणार, निराळ्या रीतीने.

शाळा दोन खोल्यांची, वर कौलं. मागे लगेच डोंगर सुरू होत होता. तिथले तरुण शिक्षक बाईंना ओळखत होते. त्या अधूनमधून तिथे येत. सगळ्या वर्गांची मुलं एकाच खोलीत बसवली. बाई खुर्चीवर न बसता मुलांत खाली बसल्या आणि पुस्तक उघडून वाचू लागल्या. एक ओळ मराठीतून, मग पाड्यावरच्या बोलीतून. त्यांच्या तोंडून ती बोली मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला काही कळत नव्हतं. पण मध्येमध्ये एक शब्द कळत होता, आणि तो फार वेळा येत होता. बोदवड. ओळ संपली तरी बाई थांबत नव्हत्या. पुस्तकात नसलेलंच काहीतरी पुष्कळ सांगत होत्या, हात लांब करून, मोठे डोळे करून.

मी शिक्षकांना हळूच विचारलं. ते हसले. म्हणाले, "बोदवडला वांगं असं असतं, एकाच्या भरितात घर जेवतं. बोदवडची माणसं पाहुण्याला जाऊ देत नाहीत. हे नेहमीचंच आहे. बाई आल्या की बोदवड. आमच्या पोरांना वाटतं ते मुंबईएवढं असेल."

भाऊ माझ्या शेजारीच दारात उभा होता. त्यालाही ऐकू गेलं. त्याने खिशातून रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला. तिथे चांगला वारा येत होता.

तेवढ्यात बाईंनी त्याच्याकडे बोट केलं. हे बोदवडचे, असं सांगितलं असणार, कारण सगळी मुलं वळून त्याच्याकडे बघायला लागली. शिक्षक मध्ये पडून मुलांचे प्रश्न त्याला मराठीत सांगू लागले. केळीचा घड उचलायला दोन माणसं लागतात का? केळीच्या बागा आमच्याकडे नाहीत, त्या रावेर-यावलकडे. पण भाऊ म्हणाला, लागतात. पुस्तकात स्टेशनचं छोटं चित्र होतं. मुलांपैकी कुणीच रेल्वे पाहिली नव्हती. बाई म्हणाल्या होत्या की बोदवडला सगळ्या गाड्या थांबतात. हे खरं का?

भावाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर पुस्तकात घातली.

"सगळ्या नाही थांबत," तो म्हणाला. "मोठ्या गाड्या तशाच निघून जातात."

पुढे बसलेल्या एका मुलीने लगेच विचारलं, का नाही थांबत? तुमचं गाव तर एवढं मोठं आहे.

 त्याने चपला दाराशी काढल्या, आत जाऊन फळ्यापाशी खडू उचलला आणि एक लांब रेघ ओढली. एका टोकाला भुसावळ लिहिलं, दुसऱ्या टोकाला अकोला. मध्ये बोदवड. पॅसेंजर कुठे थांबते, एक्सप्रेस कुठून सुटते, रुळांवर दगड का टाकतात, फाटक पडलं की माणसं काय करतात, हे सगळं तो एकेक करून सांगू लागला. शिक्षक ते बोलीत सांगून सांगून दमले. मग मुलांना बहुधा त्याचं मराठी तसंच कळायला लागलं.

बाई आणि मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. डोंगरामागे सूर्य कलला होता आणि घाट उजेडात उतरायला हवा, असं मी म्हणत होते. बाई म्हणाल्या, "बोलू दे त्याला."

आम्हाला निघायला बराच उशीर झाला.